एजवर्थस्टाउनच्या हिशेबनीस बाई

आयर्लंडला जाणाऱ्या मराठी माणसाची सहल बहुधा आधीच ठरलेली असते. डब्लिनमध्ये दोन दिवस, अटलांटिकच्या काठावरचे मोहेरचे कडे, वेळ उरलाच तर किलार्नीची तळी. लाँगफर्ड नावाच्या जिल्ह्यात कुणी मुद्दाम उतरत नाही. देशाच्या मध्यावर असलेल्या या छोट्या जिल्ह्याला समुद्र नाही, नाव घेण्याजोगा डोंगर नाही. डब्लिनहून स्लायगोला जाणारी आगगाडी त्यातून जाते तेव्हा खिडकीतून दिसतात ती फक्त कुरणे, गाई, मधूनच काळपट दलदल आणि एखादा संथ कालवा. माझी मुलगी डब्लिनला राहते. मी लाँगफर्डला जातो म्हटल्यावर तिने विचारले, बाबा, तिथे आहे काय?

तिथे बरेच काही आहे. कोर्लीया गावाजवळच्या दलदलीत १९८४ साली जळणासाठी माती काढताना ओकच्या फळ्यांचा एक रस्ता सापडला. त्याची लाकडे इसवी सनापूर्वी १४८ मध्ये तोडलेली होती. बैलगाडी सहज जाईल एवढा रुंद असा हा रस्ता दहाएक वर्षांतच स्वतःच्या भाराने रुतला असावा, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. त्याचा अठरा मीटरांचा तुकडा आज एका दालनात ओलसर हवेत जपून ठेवला आहे. लाँगफर्ड शहरातले सेंट मेल्सचे कॅथीड्रल २००९ च्या नाताळच्या पहाटे जळून गेले. पाच वर्षे खपून लोकांनी ते पुन्हा उभे केले आणि २०१४ च्या डिसेंबरात त्याची दारे उघडली. पॅलस नावाच्या वस्तीत ऑलिव्हर गोल्डस्मिथ जन्मला असे मानतात. आपल्याकडच्या जुन्या मॅट्रिकवाल्यांना त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

मी मात्र उतरलो तो एजवर्थस्टाउनला, आणि तेही एका बाईसाठी. मी चौतीस वर्षे बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. दिवसभर लोकांची कर्जखाती पाहायची आणि रात्री लोकांच्या गोष्टी लिहायच्या, हा माझा दुहेरी संसार. तो माझ्या दोनशे वर्षे आधी, माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या तोलाने, एका बाईने केला होता. तिचे नाव मारिया एजवर्थ. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंधरा वर्षांत इंग्रजी भाषेतली सर्वांत नावाजलेली कादंबरीकार तीच होती. जेन ऑस्टिनने आपली 'एमा' छापून झाल्यावर तिची एक प्रत मारियाकडे पाठवली होती, एवढे सांगितले तरी पुरे.

मारियाचा जन्म १ जानेवारी १७६८ चा, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशर परगण्यातला. ती पाच वर्षांची असताना आई गेली. वडील रिचर्ड लव्हेल एजवर्थ हे अजब गृहस्थ होते. चाकांच्या गाड्या, जमीन मोजायची साधने, दूरवर खुणांनी निरोप पाठवायची यंत्रे अशा अनेक खटपटी त्यांच्या डोक्यात सतत चालू असत. त्यांनी चार लग्ने केली आणि त्यांना एकंदर बावीस मुले झाली. दुसरी बायको क्षयाने गेली, तेव्हा तिच्याच इच्छेवरून त्यांनी तिच्या बहिणीशी लग्न केले. ती गेल्यावर १७९८ मध्ये चौथे लग्न झाले ते फ्रान्सिस बोफर्ट हिच्याशी. वाऱ्याचा वेग मोजण्याची जी बोफर्ट श्रेणी शाळेत शिकवतात, ती तयार करणाऱ्या आरमारी अधिकाऱ्याची ही बहीण. मारियाची ही नवी आई मारियापेक्षा वयाने लहान होती. तरी त्या दोघींचे मैत्र पुढे पन्नास वर्षे टिकले.

मारियाचे बालपण इंग्लंडमधल्या शाळांच्या वसतिगृहांत गेले. ती चणीने फार लहान होती, मोठी झाल्यावरही पाच फुटांना पोचली नाही. लंडनच्या शाळेत मुलींची उंची वाढावी म्हणून मानेला पट्टा लावून टांगण्याचा एक उपाय करीत. तो तिच्यावर झाला आणि अर्थातच व्यर्थ गेला. त्यानंतर डोळ्यांचे दुखणे आले. एवढ्या अवधीत तिने एक गोष्ट मात्र साध्य केली होती. रात्री निजायच्या वेळी ती खोलीतल्या मुलींना गोष्टी सांगे आणि कोणत्या वाक्याला कोण जागे राहते, याकडे तिचे लक्ष असे.

१७८२ मध्ये वडिलांनी सगळे बिऱ्हाड उचलून लाँगफर्डच्या वडिलोपार्जित जमीनदारीवर आणले. मारिया तेव्हा चौदा वर्षांची होती. त्या काळच्या आयर्लंडची व्यवस्था आपल्या वाचकांना लवकर समजेल, कारण कूळ, पोटकूळ, खंड आणि थकबाकी हे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी होते. जमीन बहुतेक इंग्रज वंशाच्या प्रॉटेस्टंट घराण्यांची, कसणारी कुळे बहुतेक कॅथलिक आयरिश. अनेक जमीनदार लंडनला राहत. ते आपली जमीन मधल्या दलालाला ठोक्याने देत, दलाल ती तुकडे करून पुढे देई, आणि प्रत्येक पायरीवर खंड चढत जाई. वर्षाअखेर कुळाच्या हातात बटाट्यांपलीकडे काही उरत नसे. खंडाशिवाय कोंबड्या द्यायच्या, धन्याच्या शेतावर फुकट राबायचे, हेही असे. आपल्याकडे यालाच वेठ म्हणत.

रिचर्ड एजवर्थांनी ठरवले की आपण दलाल ठेवायचा नाही, कुळांशी स्वतः बोलायचे आणि खंड स्वतःच्या हाताने घ्यायचा. त्यांना मदतनीस हवा होता. त्यांनी आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घोड्यावर बसवून बरोबर घेतले. बापलेक शेतांच्या बांधांवरून फिरत. कुणाचे छप्पर गळते, कुणाची गाय मेली, कुणाचा करार संपत आला, हे सगळे मारिया टिपून ठेवी. हिशेबाच्या वह्या तिच्याकडे आल्या. खंडाच्या दिवशी वडिलांशेजारी बसून ती माणसांचे बोलणे ऐके. देणे चुकवणारा किती लांबून सुरुवात करतो, खरोखर अडलेला माणूस किती थोडे बोलतो, हे तिने तिथे पाहिले असणार. कर्जवसुलीसाठी खेड्यापाड्यांत हिंडलेल्या कुणाही बँकवाल्याला हे सांगायला नको. कादंबरीची अशी शाळा दुसरी नाही.

त्या घरचा जॉन लँगन नावाचा कारभारी होता. त्याच्या बोलण्याची एक ढब होती. धन्याची स्तुती करता करता तो असे काही बोलून जाई की ऐकणारा चमकावा. मारिया घरातल्या मंडळींना त्याची नक्कल करून दाखवी. त्या नकलेतूनच एक म्हातारा नोकर तिच्या मनात उभा राहिला. आपल्या धन्याच्या घराण्याची चार पिढ्यांची हकिकत तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. एक धनी दारूत गेला, दुसरा कोर्टकचेऱ्यांत, तिसरा जुगारात, चौथा निवडणुकीत आणि उधळपट्टीत. सांगणारा शेवटपर्यंत इमानी राहतो आणि त्याचाच वकील झालेला मुलगा कागदपत्रांच्या जोरावर सगळी जमीनदारी गिळतो. हीच 'कॅसल रॅकरेंट'. रॅकरेंट म्हणजे कुळाला पिळून घेतलेला खंड. ही छोटी कादंबरी १८०० साली लेखिकेच्या नावाशिवाय छापली गेली. मारिया आपले बहुतेक लेखन वडिलांना दाखवून, त्यांच्या सूचना घेऊन करी. हे एक पुस्तक मात्र तिने त्यांच्या नजरेखालून न घालता लिहिले, आणि तेच आज सर्वांत जास्त वाचले जाते.

एका विशिष्ट प्रदेशातली माणसे, त्यांची बोली, त्यांची जमीन आणि त्यांचा इतिहास हाच कादंबरीचा विषय होऊ शकतो, हे या पुस्तकाने दाखवले. वॉल्टर स्कॉटने आपल्या 'वेव्हर्ली' कादंबरीच्या अखेरीस मारियाचे ऋण उघडपणे मान्य केले. पुढे १८२५ मध्ये तो एजवर्थस्टाउनला पाहुणा म्हणून आला आणि तिच्याबरोबर किलार्नीपर्यंत हिंडला. १८२९ मध्ये वर्ड्‌स्वर्थ येऊन गेला. मारियाला लिहायला वेगळी खोली नव्हती. घरच्या वाचनालयात सगळे कुटुंब बसलेले असे. मुले धडे म्हणत, बायका शिवण करीत आणि कोपऱ्यात वडिलांनी तिच्यासाठी केलेल्या लहानशा मेजावर ती लिहीत असे. मुलांसाठी तिने कितीतरी गोष्टी लिहिल्या. १७९८ मध्ये बापलेकीने मिळून मुलांच्या शिक्षणावर मोठा ग्रंथ काढला. पाठांतरापेक्षा करून पाहण्यातून मूल शिकते, हे त्यात घरातल्या मुलांच्या नोंदी देऊन मांडले होते.

ते १७९८ साल आयर्लंडच्या इतिहासात रक्ताने लिहिलेले आहे. इंग्रजी सत्तेविरुद्ध बंड झाले, ऑगस्टात फ्रेंच सैन्य पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि पुढे सरकत लाँगफर्डमध्ये आले. एजवर्थ मंडळींना घर सोडून पळावे लागले. दारूगोळ्याच्या एका गाडीबरोबर निघण्याचे घाटत होते, पण काही कारणाने ती मागे राहिली आणि ती गाडी वाटेत उडाली. लाँगफर्ड शहरात वेगळेच संकट उभे राहिले. कॅथलिकांशी बरे वागणारा हा जमीनदार शत्रूला सामील असणार, अशा संशयाने तिथल्या प्रॉटेस्टंट जमावाने रिचर्ड यांच्यावर हल्ला केला. ८ सप्टेंबरला बॅलिनामक गावी लढाई झाली. फ्रेंच शरण आले, त्यांना युद्धकैदी म्हणून सन्मानाने वागवले गेले. त्यांच्याबरोबरच्या आयरिश शेतकऱ्यांची मात्र कत्तल झाली. बॅलिनामकला आज त्याचे स्मारक आहे.

या लढाईतली दोन नावे मराठी वाचकाच्या ओळखीची आहेत. आयर्लंडचा व्हाइसरॉय म्हणून फौजांचा मुख्य होता लॉर्ड कॉर्नवॉलिस, ज्याने १७९२ मध्ये मराठे आणि निजाम यांना बरोबर घेऊन टिपू सुलतानाला तह करायला लावला होता. आणि बॅलिनामकला फौज चालवली ती जनरल लेकने. पाचच वर्षांनी, १८०३ मध्ये, याच लेकने दिल्ली आणि लासवारी इथे शिंद्यांच्या पलटणी मोडल्या. त्याच सप्टेंबरात आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला लढाई जिंकणारा आर्थर वेलस्ली पुढे किटी पॅकनहॅमशी लग्न करता झाला. ही किटी एजवर्थांच्या शेजारच्या परगण्यातली आणि त्यांच्या घरोब्यातली. साम्राज्याचा कारभार किती थोड्या घरांतून चालत होता, हे अशा ठिकाणी ध्यानात येते.

लढाईनंतर मंडळी घरी परतली ती धास्तावूनच. आजूबाजूची घरे लुटली गेली होती. यांच्या घराला मात्र कुणी हात लावला नव्हता. वाचनालयाच्या मेजावर जाताना उघडा ठेवलेला नकाशा तसाच उघडा होता. घर सांभाळणाऱ्या बाईने पूर्वी एका बंडखोराच्या बायकोला अडचणीत मदत केली होती. त्या माणसाने दारात उभे राहून कुणाला आत जाऊ दिले नाही. ही मदत कुणा वहीत लिहिलेली नव्हती.

१८०२ मध्ये पॅरिसला असताना एडेलक्रान्ट्‌झ नावाच्या एका स्वीडिश दरबारी गृहस्थाने मारियाला मागणी घातली. तो विद्वान होता, सज्जन होता. पण लग्न म्हणजे स्टॉकहोमला जाणे आले. वडील, घर, भावंडे आणि त्या वह्या सोडून जाणे तिला जमले नाही. तिने नकार दिला आणि मग कधीच लग्न केले नाही. तिने मनातून त्याला किती काळ जपले हे तिच्या सावत्र आईला ठाऊक होते.

१८१७ मध्ये वडील वारले. त्यांचे अर्धे राहिलेले आत्मचरित्र तिने पुरे करून १८२० मध्ये छापले. जमीनदारी भावाकडे, लव्हेलकडे गेली. हा भाव नेपोलियनच्या काळात अकरा वर्षे फ्रान्समध्ये अडकून पडला होता. परत आल्यावर त्याने गावात एक शाळा काढली. तिच्यात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, गरीब आणि सुखवस्तू मुले एकत्र बसत. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. पण पैशाचा व्यवहार त्याला झेपेना. १८२६ च्या मंदीत कर्जाचा डोंगर उघडा पडला. तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या मारियाने वह्या पुन्हा हातात घेतल्या. सावकारांना पत्रे लिहिली, कुणाला किती आणि केव्हा द्यायचे याचे हप्ते बांधले, घरखर्च छाटला, खंड वेळेवर येईल आणि वेळेवर पुढे जाईल असे पाहिले. जमीनदारी लिलावात गेली नाही.

तिच्या स्वतःच्या कमाईचाही हिशेब लागतो. 'पेट्रनेज' या एका कादंबरीचे तिला दोन हजार पौंडांवर मिळाले आणि साऱ्या आयुष्यात लेखणीने सुमारे अकरा हजार पौंड मिळवले. त्या काळात कुणाही लेखकाने हेवा करावा अशी ही रक्कम. त्यातले बरेचसे भावंडांवर आणि गावावर खर्च झाले. परंतु १८३४ नंतर तिने मोठी कादंबरी लिहिली नाही. आयर्लंड इतके तापले आहे की आता त्याचे चित्र कादंबरीत काढता येणार नाही, असे तिने भावाला कळवले होते. कुळे आता धन्याच्या सांगण्याप्रमाणे मत देत नव्हती. आपण जन्मभर भले केले अशी माणसे आपल्या विरुद्ध का जातात, हे कोडे त्या म्हाताऱ्या बाईला सुटले नाही. वर्षानुवर्षे नीट वह्या ठेवणाऱ्या माणसाचीसुद्धा एक चूक होऊ शकते. जमीन मुळात आपल्या नावावर आली कशी, ही पहिली नोंद तो कधी तपासत नाही.

१८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. शेते एका रात्रीत काळी होऊन कुजू लागली. गरिबाचे दुसरे अन्नच नव्हते. पुढची चार-पाच वर्षे दुष्काळ, ताप आणि देशोधडी यांची होती. मारिया तेव्हा ऐंशीला टेकली होती. ती क्वेकर पंथीयांच्या मदत समितीकडे अर्ज करीत राहिली. आयते वाटण्यापेक्षा हाताला काम द्यावे असे तिचे मत होते, म्हणून चिखलात अनवाणी राबणाऱ्यांना जोडे मिळावेत यासाठीही ती खटपट करी. १८४८ मध्ये तिने 'ऑर्लँडिनो' ही शेवटची छोटी गोष्ट लिहिली आणि तिचे पैसे गरिबांच्या निधीला दिले. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या कुळांनी खंड चुकता केला त्यांनाच ती मदतीत आधी धरी, असा आक्षेप तिच्यावर घेतला गेला आहे. तिच्यातली बाई आणि तिच्यातली हिशेबनीस यांचे त्या दिवसांत पटत नसावे. मला तो आक्षेप वाचून रागही आला नाही आणि नवलही वाटले नाही. थकबाकीदारांच्या यादीतून नियमाने बसणारी नावे तेवढी निवडून बाकीच्यांवर रेघ मारण्याचे काम मी केले आहे. रेघ सरळच असते. पण त्या रात्री झोप लागत नाही.

त्याच काळात अटलांटिकपलीकडच्या बॉस्टन शहरातून एक मोठी मदत आली. तिच्या गोष्टी वाचून वाढलेल्या मुलांनी पीठ आणि तांदूळ यांची दीडशे पिंपे गोळा करून मिस एजवर्थ यांच्या गरिबांसाठी म्हणून धाडली होती. धक्क्यावरच्या हमालांनी ती पिंपे जहाजावर चढवली आणि मजुरी घेतली नाही. ही गोष्ट मारियाला कळली तेव्हा तिने लोकर आणि सुया काढल्या. त्या हमालांसाठी ती गळपट्टे विणू लागली, प्रत्येकाला एकेक. ते पुरे करून तिने बॉस्टनला पाठवले. पण ते त्यांच्या हाती पडण्याआधीच, २२ मे १८४९ रोजी, काही तासांच्या दुखण्याने तिने देह ठेवला. वयाने तिच्याहून लहान असलेल्या तिच्या आईच्या मिठीत ती गेली.

एजवर्थस्टाउनच्या सेंट जॉन्स चर्चच्या आवारात एजवर्थांचे दफनघर आहे. ऑस्कर वाइल्डची नऊ वर्षांची बहीण आयझोला हीदेखील याच आवारात पुरलेली आहे. एजवर्थांचे मोठे घर पुढे वृद्धांच्या शुश्रूषेचे केंद्र झाले. गावातल्या जुन्या शाळेच्या इमारतीत मारियाच्या नावाचे छोटेसे दालन आहे. मी गेलो त्या दिवशी तिथे माझ्याखेरीज एकच कुटुंब होते. त्यातली लहान मुलगी जुन्या पद्धतीच्या बाकावर बसून पाय हलवत होती.

परतीच्या गाडीत मी जिल्ह्याचे आकडे पाहिले. सवय जात नाही. १८४१ च्या शिरगणतीत लाँगफर्डमध्ये एक लाख पंधरा हजार माणसे होती. दहा वर्षांनी ती ब्याऐंशी हजार राहिली. २०२२ मध्ये ती सेहेचाळीस हजारांच्या आसपास होती. प्रवासाच्या पत्रकांतून या जिल्ह्याच्या शांततेची फार स्तुती असते. मी खिडकीतून त्या हिरव्या, रिकाम्या कुरणांकडे पाहत होतो. कुठे कुठे दगडी घराच्या दोन भिंती उभ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये गाई चरत होत्या.

घरी आल्यावर मुलीने पुन्हा विचारले, बाबा, काय पाहिलेत? मी तिला बॉस्टनच्या हमालांची गोष्ट सांगितली.